भाजीमळ्यातील बुरशीजन्य रोग आणि त्यांचा बंदोबस्त

वऱ्हाडात मृगाचा पहिला पाऊस पडला की शेतकऱ्याचे सारे लक्ष पऱ्हाटी, तूर व सोयाबीन यांच्या पेरणीकडे लागते. विहिरीजवळच्या अर्ध्या गुंठ्यात टाकलेला मिरचीचा, वांग्याचा किंवा टमाट्याचा वाफा त्या धांदलीत मागे पडतो. आठ-दहा दिवसांनी घरातील कोणी बाई पाणी द्यावयास जाते, तेव्हा वाफ्यात जागोजागी टक्कल पडल्यासारखे दिसते. रोपे जमिनीलगत पिचून आडवी झालेली असतात. आदल्या दिवशी हिरवे असलेले रोप एका रात्रीत कसे गेले, याचे नवल वाटते व कोणी तो दोष बियाण्यावर, कोणी दुकानदारावर, तर कोणी नशिबावर टाकतो. गेलेल्या रोपांची किंमत फारशी नसते; परंतु दुसरे रोप तयार होईतो पाच-सहा आठवडे निघून जातात, लावणीची वेळ हुकते आणि घरात रोज चार पैसे आणणारे पीक हातचे जाते. वरुड तालुक्यातील राजुरा बाजारच्या हिरव्या मिरचीच्या बाजारावर ज्यांचा संसार चालतो, त्यांना या पाच आठवड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

रोपांच्या या मृत्यूस कारण होते ती बुरशी. तिला स्वतःचे अन्न स्वतः तयार करता येत नाही. ती दुसऱ्यावर जगते. तिचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत इतके सूक्ष्म असतात व ते वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्यांनी, पाटाच्या पाण्याने, अवजारास लागलेल्या मातीने आणि पुष्कळदा बियाण्याबरोबरच मळ्यात येतात. पानावर काही तास सतत ओल राहिली की बहुतेक बीजाणू रुजतात व पानात शिरतात. एकदा आत शिरलेल्या बुरशीस बाहेरून मारणे अवघड असते. म्हणूनच या रोगांच्या बाबतीत ‘उपाय’ या शब्दाचा अर्थ बव्हंशी ‘प्रतिबंध’ असाच घ्यावा लागतो. करपलेले पान कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवे होत नाही. औषधाने वाचते ते शेजारचे निरोगी पान.

रोपे कोलमडणे

या रोगास कारण होणाऱ्या सूक्ष्मजीवांत पिथियम, फायटोफ्थोरा व रायझोक्टोनिया हे मुख्य होत. पैकी पहिल्या दोघांना आजचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशीत गणत नाहीत. त्यांचा वंश पाण्यातील शेवाळांशी जवळचा मानला जातो. शेतकऱ्यास या वंशावळीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु कर्तव्य आहे, आणि ते मला चुकीच्या वाटेने कळले.

काही वर्षांपूर्वी पूर्णाकाठच्या एका गावी एकाच विहिरीवरचे मिरचीचे दोन वाफे मी पाहिले. एक थोरल्या भावाचा, दुसरा त्याच्या विधवा भावजयीचा. बियाणे एकाच पुडीतील. थोरल्याचा वाफा जवळजवळ संपला होता, आणि त्याने त्यावर कार्बेन्डाझिम हे औषध तीनदा ओतले होते. दूरध्वनीवरून तो सल्ला त्यास मीच दिला होता, हे येथे नमूद करणे भाग आहे. कार्बेन्डाझिम अनेक खऱ्या बुरशींवर चालते. परंतु पिथियम व फायटोफ्थोरा यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. वाफा न पाहता औषध सांगितल्याचे हे फळ. भावजयीच्या वाफ्यात मात्र रोप उभे होते. तिने कोणतेही औषध घातले नव्हते. नांगरावयास माणूस मिळाला नाही म्हणून तिने गोठ्यामागील उंचवट्यावर, जुने कुजलेले खत पसरून, बोटाने ओळी पाडून विरळ बी टाकले होते. आणि मजुरीस जाण्यापूर्वी सकाळीच झारीने पाणी घालणे तिला सोयीचे पडत होते. थोरल्याचा वाफा सपाट काळ्या जमिनीत होता, बी मूठभर फेकून दिलेले होते व संध्याकाळी मोटार सुरू झाली की पाणी वाफ्यात रात्रभर तुंबत होते. गरजेपोटी तिच्या हातून जे झाले, तेच या रोगावरचे पुस्तकातील उत्तर आहे.

आपली भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. कपाशीस हा गुण उपकारक. रोपाच्या वाफ्यास तोच घातक. म्हणून रोप नेहमी गादीवाफ्यावरच टाकावे. वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व निदान १५ सेंटीमीटर उंच असावा, आणि दोन वाफ्यांच्या मधून पाणी निघून जाण्यास चर ठेवावा. प्रत्येक वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेले खत म्हणजे बुरशीस मेजवानी होय. बी फेकून न देता रुंदीच्या दिशेने सुमारे १० सेंटीमीटर अंतरावर ओळी पाडून विरळ टाकावे. दाट रोपात वारा खेळत नाही, ओल सुकत नाही, आणि एका रोपाचा रोग दुसऱ्यास लागावयास वेळ लागत नाही. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे सायंकाळपर्यंत मातीचा वरचा थर कोरडा होतो. वाफ्याची जागा दरवर्षी बदलावी.

वऱ्हाडच्या उन्हाला आपण सारे नावे ठेवतो. परंतु वाफ्याच्या जमिनीसाठी ते फुकटचे औषध आहे. अकोल्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत अनेकदा ४४ अंशांच्या वर जातो. या दिवसांत वाफा तयार करून त्यास भरपूर पाणी द्यावे, वर सुमारे २५ मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून अंथरावा व त्याच्या कडा मातीने पक्क्या बुजवाव्यात. चार ते सहा आठवडे कागद तसाच ठेवल्यास आतील वरचा थर इतका तापतो की रोगाचे बरेचसे बीजाणू व तणांचे बी मरून जाते. कागद काळा घेऊ नये. काळा कागद स्वतः तापतो, माती तितकी तापत नाही. कोरड्या मातीवरही अंथरू नये, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते व ओलीने जागी झालेली बुरशी लवकर मरते.

बियाण्यास पेरणीपूर्वी दर किलोस ३ ग्रॅम थायरम चोळावे. संकरित बियाण्याच्या पुडीतील बी रंगविलेले असल्यास त्यास कंपनीनेच औषध लावलेले असते. पुन्हा लावण्याची गरज नाही. औषध लावलेले उरलेले बी खाण्यात किंवा कोंबड्यांच्या तोंडी जाणार नाही, याची काळजी घ्यावी. गेल्या पिढीतील शेतकऱ्यांना पारायुक्त बीजप्रक्रिया औषधांची आठवण असेल. ती माणसास व जमिनीस फार विषारी असल्याने वापरातून गेली आहेत आणि कोणाच्या माळ्यावर जुना डबा राहिलाच असेल, तर तो उघडू नये.

रासायनिक औषधाऐवजी ट्रायकोडर्मा वापरता येतो. ही देखील एक बुरशीच. पण ती रोगकारक बुरशींवर जगते. बियाण्यास दर किलोस ५ ग्रॅम चोळावा, आणि १ किलो ट्रायकोडर्मा ५० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर करून, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवून ते खत वाफ्यांत घालावे. ट्रायकोडर्मा सजीव आहे, हे विसरू नये. उन्हात ठेवलेली किंवा मुदत संपलेली पुडी म्हणजे नुसती भुकटी होय. आणि ज्या वाफ्यात आज ट्रायकोडर्मा घातला, त्यातच उद्या बुरशीनाशक ओतणे म्हणजे स्वतःच्या राखणदारास स्वतःच मारणे होय.

एवढे करूनही रोपे कोलमडू लागली तर पाणी थांबवावे, पडलेली रोपे मुळांसह मातीसकट काढून जाळावीत, आणि उरलेल्या वाफ्यात १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ओळींतून झारीने ओतावे. पाऊस सतत लागून राहिला असल्यास मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेब यांचे एकत्रित औषध १० लिटरला २० ग्रॅम याप्रमाणे अधिक उपयोगी पडते.

मिरचीच्या फांद्या वाळणे व फळे सडणे

लावलेल्या मिरचीचा हा सर्वांत खर्चिक रोग. हस्ताचा पाऊस ओसरून दव पडू लागले की झाडाचे कोवळे शेंडे वाळू लागतात व वाळवण वरून खाली उतरते. वाळलेल्या काडीवर काळे ठिपके दिसतात. पिकू लागलेल्या फळावर गोल, खोलगट डाग पडतो व त्यात एकात एक वर्तुळे करून काळे ठिपके उमटतात. हिरवी मिरची तोडून विकणाऱ्यास हा रोग फार जाणवत नाही. लाल मिरचीसाठी फळ झाडावर ठेवणाऱ्याचे मात्र अर्धे पीक पांढरे पडून भावात मार खाते.

या बुरशीची नोंद १९१३ साली कोइमतूरच्या मिरचीवरून झाली. पुढे जहांगीर फरदुनजी दस्तूर या शास्त्रज्ञांनी बिहारमधील मिरचीच्या या रोगाचा सविस्तर अभ्यास करून १९२०च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. हेच दस्तूर नंतर नागपूरला मध्यप्रांताच्या कृषी खात्यात आले व त्यांनी १९३५ साली या प्रांतातील पानवेलीच्या रोगांवर लिहिले. आपल्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत वेलीची ‘मर’ करणारा फायटोफ्थोरा आणि वरुड-मोर्शी-अचलपूरच्या संत्र्याच्या खोडास ‘डिंक्या’ आणणारा फायटोफ्थोरा हे भाऊबंदच होत. भाजीच्या वाफ्यातही त्याच कुळातील शत्रू असतो. म्हणून पानमळ्यातून किंवा रोगट संत्र्याच्या बागेतून वाहत येणारे पाणी भाजीच्या वाफ्यात घेऊ नये.

मिरचीचा हा रोग बियाण्यातून येतो. म्हणून घरचे बी धरावयाचे असल्यास डाग नसलेल्या फळांचेच धरावे. ‘डाग सालीवर आहे, बी तर चांगले आहे’ ही समजूत खोटी आहे. वाळलेले शेंडे दोन बोटे हिरव्या भागासह छाटून जाळावेत. धुऱ्यावर टाकलेली काडी पुढच्या वर्षाची बेगमी करून ठेवते. मिरचीनंतर त्याच जागी मिरची, वांगे, टमाटे किंवा आलू घेऊ नयेत. मध्ये एक-दोन वर्षे ज्वारी, मका, कांदा किंवा सांभार घ्यावा. रोगाचे पहिले शेंडे दिसताच मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम प्रमाणे फवारावे व हवामान पाहून १०-१५ दिवसांनी पुन्हा फवारावे. फळे तोडणीस आली असताना पुडीवर दिलेला फवारणी व तोडणी यांमधील अवधी पाळावा. आपण फवारलेली मिरची शहरातील माणूस खातो, तशी ती आपल्या घरच्या ठेच्यातही जाते.

भुरी, केवडा व करपा

भुरी हा रोग बाकीच्यांहून वेगळ्या चालीचा आहे. त्यास पानावर पाण्याचा थेंब लागत नाही. कोरडे दिवस व थंड रात्री त्यास मानवतात. भेंडी, काकडी, दोडके, काशीफळ यांच्या पानांवर पीठ भुरभुरावे तशी पांढरी पूड दिसते. मिरचीवर मात्र पूड पानाच्या खालच्या बाजूस असते व वरून फक्त पिवळे डाग दिसतात; म्हणून पाने गळू लागेपर्यंत शेतकऱ्यास पत्ता लागत नाही. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत. पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटरला २५ ग्रॅम प्रमाणे फवारणे हा स्वस्त व चांगला उपाय होय. हवा ३५ अंशांहून अधिक तापलेली असेल तर गंधकाने पान भाजते. आणि काकडीवर्गीय वेलांना गंधक सोसेलच असे नाही, म्हणून आधी दोन वेलांवर फवारून तीन दिवस वाट पाहावी. भुरीसाठी पूर्वी सर्रास दिले जाणारे डिनोकॅप केंद्र सरकारने २०२३ साली बंद केले आहे. कोणी देऊ केल्यास घेऊ नये.

काकडी, कारले व दोडके यांवर पावसाळ्यात पानाच्या शिरांच्या मध्ये कोनदार पिवळे डाग पडतात व खालून करडी लव येते, तो केवडा. वेल मांडवावर चढवावा, पानांना वारा लागू द्यावा व मॅन्कोझेब फवारावे.

टमाट्याच्या करप्याचा डाग लक्ष्य मारावयाच्या पाटीसारखा एकात एक वर्तुळांचा असतो व तो जमिनीजवळच्या जुन्या पानांपासून वर चढतो. झाडास तुऱ्हाटीचा किंवा बांबूचा आधार देऊन खालची रोगट पाने काढली, तर निम्मे काम झाले. कांद्याच्या पातीवरील जांभळ्या करप्यावर हीच औषधे चालतात. परंतु पात मेणचट असल्यामुळे द्रावण ओघळून जाते, म्हणून त्यात चिकटणारे द्रव्य मिसळल्याशिवाय फवारू नये.

बोर्डो मिश्रण

१८८२ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो प्रांतात रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद व चुना शिंपडीत. इतर वेली केवड्याने झडल्या असताना याच वेली हिरव्या राहिलेल्या पाहून प्राध्यापक मिलार्दे यांनी प्रयोग केले व १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी ते निरुपयोगी झालेले नाही, आणि बुरशीस त्याची सहज सवयही लागत नाही. आपल्याकडील संत्रा-बागाईतदार खोडास लावतात तो बोर्डो मलम याचाच घट्ट प्रकार. भाजीमळ्यात मात्र पातळ मिश्रण, तेही ताजेच, वापरावयाचे असते.

शेकडा एक टक्क्याच्या १० लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. मोरचूद बारीक कुटून ५ लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्याने चुना विरवून, मग ५ लिटर करून, फडक्याने गाळून घ्यावा. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावीत. लोखंडी बादलीत मोरचूद घातल्यास तांबे बादलीस चिकटते व मिश्रण बिघडते. नंतर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावीत व काडीने सतत ढवळावे. आकाशी रंगाचे मिश्रण तयार होते. आता घासून स्वच्छ केलेला विळा किंवा चाकू त्यात मिनिटभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर दिसल्यास मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी घालावी व पुन्हा पाहावे. ही परीक्षा न करता फवारल्याने पाने भाजल्याची उदाहरणे दर वर्षी पाहावयास मिळतात. चुना जुना व हवा लागून मेलेला असणे, हे त्याचे नेहमीचे कारण. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, त्यात कीटकनाशक मिसळू नये, आणि कोवळी रोपे व काकडीवर्गीय वेल यांच्यासाठी निम्म्या ताकदीचेच घ्यावे.

जे बुरशीचे नाही

भाजीमळ्यात बुरशीनाशकांवर होणारा पुष्कळ खर्च बुरशी नसलेल्या रोगांवर होतो. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसते तो विषाणूरोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. मिरचीचा चुरडा-मुरडा फुलकिडे, कोळी व विषाणू यांच्यामुळे होतो. दोहोंवर बुरशीनाशक टाकणे म्हणजे पाण्यात पैसे टाकणे होय. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्याने पानांच्या कडा जळतात. त्यासही लोक करपा म्हणतात. करप्याचे डाग पानावर कोठेही विखुरलेले असतात. क्षाराची जळ मात्र टोकापासून व कडेने आत येते व सर्व झाडांवर सारखीच असते. तेथे औषध नव्हे, तर गोडे पाणी व निचरा हवा.

झाड एकाएकी मलूल झाल्यास बुंध्याशी खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभे धरावे. कापलेल्या भागातून दुधासारखी धार उतरली तर तो जिवाणूंचा रोग. धार नाही, पण आत तपकिरी रेघा दिसतात, तर बुरशीची मर. बुंध्यावर पांढरी बुरशी व मोहरीएवढे दाणे आढळले तर ते दाणे पुढील हंगामापर्यंत जमिनीत टिकतात. असे झाड मातीसह उपटून मळ्याबाहेर जाळावे.

फवारणी करताना

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. बुरशीनाशके सहसा तितकी तीव्र विषारी नसतात. परंतु आपल्याकडे तोच पंप, तोच डबा व तेच हात दोन्ही कामांस लागतात. कपाशीचा पंप साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्याखेरीज भाजीवर वापरू नये. पुडीवरील त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. ज्या औषधाच्या पुडीवर आपल्या पिकाचे नाव नाही, ते दुकानदाराने कितीही वाखाणले तरी परत करावे. नळीत कचरा अडकल्यास तोंडाने फुंकू नये. वाऱ्याच्या दिशेने, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, अंगभर कपडे, हातमोजे व तोंडावर आच्छादन घेऊन फवारावे, आणि आंघोळ केल्याशिवाय जेवावयास बसू नये. मजुराकडून फवारून घेणाऱ्याने हे साहित्य त्यास द्यावे. तो मागणार नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना एक विनंती. फोनवर आलेल्या छायाचित्रावरून औषध सांगण्याची घाई करू नये. शक्य तर वाफ्यावर जावे; नाहीतर रोगाची सुरुवात असलेले, अर्धे हिरवे अर्धे रोगट असे झाड मुळांसह मागवावे. पूर्ण वाळलेल्या झाडावर कुजविणारे इतर जीव वाढलेले असतात व मूळ रोग ओळखू येत नाही. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्यास घामेजून सडतो, म्हणून तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, गावाचे नाव, पीक, लावणीची तारीख, शेवटचे पाणी व आतापर्यंत फवारलेली औषधे एका चिठ्ठीवर लिहून, त्याच दिवशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावा. चिठ्ठी नमुन्याबरोबर ओली होऊ नये म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवावी.